पाणी मी सोडायला लावलं

बोरखडी, ९ मार्च १९७३

ती. मामा,

तुमच्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही, मामींनी माझ्या नावानं बोटं मोडली असतील. पण कामच तसं आहे. पाथर्डीच्या पलीकडं यंदा कुणाच्या रानात काही नाही. सगळं गाव पाझर तलावाच्या भरावावर माती वाहतं. उपकेंद्रात पेशंट येत नाहीत, म्हणून मीच पिशवी घेऊन रोज भरावावर जाते.

मंगळवारी जे झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगते.

भीमा म्हणून एकोणीस वर्षांची पोर आहे. पहिलटकरीण, आठवा महिना. सकाळी पाहिलं तर बांगड्या मनगटात रुतलेल्या, चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. सासू राहीबाई कौतुकानं म्हणाली, "बाळसं धरलंय बगा सुनंनं. सुकडी मानवली तिला." मी नडगीवर अंगठा दाबला, तर पडलेला खळगा भरेचना. भीमा म्हणाली, "बाई, कालधरनं डोकं लई ठनाकतंय. आन डोळ्याम्होरं काजवं चमाकत्यात."

ब्लडप्रेशर घेतलं. वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे वीस. पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा तेच. लघवी नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली, ती नासक्या दुधासारखी गोठली. तुम्ही कंपाउंडरकीत जन्म काढला, तुम्हाला ठाऊक आहे. अशा बाईला कधीही झटके सुरू होतात आणि मग ती तासातासानं हातातून जाते.

राहीबाईला म्हणाले, हिला आत्ताच्या आत्ता नगरला न्यायची. ती म्हणाली, "हजेरी मांडून घ्यू, मंग दुपारच्याला बगू." डॉक्टर नऊ मैलांवर, तेही शिबिराला गेलेले.

साडेअकराला भीमा मातीच्या पाटीसकट कोसळली. दात आवळलेले, हातपाय ताठ, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगवायला धावली, कुणी कांदा फोडला. "लागीर झालं," म्हणून एकीनं तिचे केस धरले. मी सगळ्यांना ढकललं. भीमाला डाव्या कुशीवर वळवलं, फेस पुसला, दातांत चिंधी गुंडाळलेला चमचा धरला. झटका ओसरला. पंचवीस मिनिटांत दुसरा आला.

ओव्हरसियरची जीप उभी होती. ते म्हणाले, "ही तपासणीची गाडी आहे, वरचा लेखी हुकूम लागतो." आणि निघून गेले. राहिला तो वाघदऱ्याला पाणी घेऊन निघालेला टँकर. ड्रायव्हर कारभारी म्हणाला, "न्हेतो की. पन भरली गाडी घाटात पायी चालल्यागत जाती. चार तास लागत्याल. रिकामी आसंल तर दोन."

मी म्हणाले, "सोड पाणी."

तो बघतच राहिला. यंदाच्या साली असं म्हणणारं माणूस त्याला भेटलं नसेल. मी म्हणाले, "मी सांगते. सोड." त्यानं कॉक उघडला. बाया हंडे, घमेली, लुगड्याचे पदर घेऊन खाली बसल्या. सापडलं तेवढं सापडलं, बाकीचं मुरमात गेलं.

वाटेत आणखी दोन झटके आले. दोन वाजता आम्ही मोठ्या दवाखान्यात पोचलो.

मूल मेलेलंच जन्मलं. मुलगा होता. भीमा जगली. दोन दिवस तिला काही दिसत नव्हतं. आज निरोप आला, तिनं सासूला ओळखलं.

वाघदऱ्यात तीनशे माणसं आहेत. त्या दिवशी त्यांना पाणी मिळालं नाही, ते माझ्यामुळं.

तुमची पुष्पा

कोल्हार, १५ मार्च १९७३

चि. पुष्पावतीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या मामीला, आक्काबाईला, वाचून दाखवलं तेव्हा ती रडली, आणि मग म्हणाली, पोर जेवते कधी ते विचारा.

तू ओळखलंस ते बरोबर ओळखलंस. शिकलेले लोकही सुजेला बाळसं म्हणतात. पण मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली आणि माझ्या सेवापुस्तकात एक लाल शेरा नाही. त्या अनुभवावरून विचारतो. टँकर नेण्याची लेखी परवानगी घेतली होतीस का? नसेल तर कुणाकडून तरी मागची तारीख घालून घे. पाणी सोडल्याचं कुठंही लिहू नकोस. आणि मूल गेलेलं आहे, तेव्हा या गोष्टीचा गाजावाजा नको. लोक मेलेलं तेवढं मोजतात.

नदीला पाणी नावालाच आहे. आमची दोघांची प्रकृती ठीक.

सहादेव

बोरखडी, २९ मार्च १९७३

ती. मामा,

मागची तारीख घालणार नाही. ज्या दिवशी झालं त्याच दिवशी मी रजिस्टरात लिहिलं आहे: किती वाजता काय दिसलं, कधी झटका आला, टँकर कुणाच्या सांगण्यावरून रिकामा केला. तिथं माझं नाव आहे.

काल मेमो आला. सरकारी पाण्याची नासाडी, सरकारी वाहनाचा गैरवापर, विनापरवानगी मुख्यालय सोडणं. सोबत वाघदऱ्याच्या सरपंचाची तक्रार, तिच्यावर एक्केचाळीस अंगठे. कारभारीला गाडीवरून उतरवलं आहे. त्याची बायको मला रस्त्यात भेटली. मला बघून ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

कचेरीतून एक गृहस्थ आले होते. गोड बोलत होते. "बाई, तुमचं वय लहान. तुम्ही घाबरलात, पेशंटचा अंदाज चुकला, आणि ड्रायव्हरनं आपल्या मनानं पाणी सोडलं, एवढं लिहून द्या. प्रकरण मिटलं."

मी म्हणाले, "मी घाबरले नव्हते. अंदाज चुकला नव्हता. आणि त्यानं मनानं सोडलं नाही. तिन्हींतलं एकही खरं नाही, मग लिहू काय?"

ते चहा न घेता गेले. चौकशी एप्रिलअखेर आहे.

भीमा घरी आली. अशक्त आहे, पण कालपासून भाकरी स्वतः थापते.

पुष्पा

कोल्हार, ४ एप्रिल १९७३

चि. पुष्पावतीस,

हे पत्र रागानं वाचू नकोस.

तू अठरा वर्षांची असताना सासरहून अंगावरच्या पातळानिशी परत आलीस. तुझ्या वडिलांनी दार उघडलं नाही. मी तुला कोल्हारला आणलं, आक्काबाईनं तुला निजवलं, आणि ट्रेनिंगला अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. हे उपकार म्हणून सांगत नाही. या नोकरीशिवाय तुला दुसरं छप्पर नाही, हे तू विसरलीस म्हणून सांगतो. आम्ही दोघं किती दिवसांचे?

माफी म्हणजे कागद. कागदानं कुणी लहान होत नाही. ड्रायव्हरचं बघता येईल, तो पुरुष आहे, कुठंही स्टिअरिंग धरील. सोबत मसुदा लिहून पाठवला आहे. तो तुझ्या अक्षरात उतरवून सही कर आणि देऊन टाक.

सहादेव

बोरखडी, १२ एप्रिल १९७३

ती. मामा,

मसुदा चुलीत घातला. तुम्ही लिहिलेला कागद मी पहिल्यांदाच जाळला.

तुमचे उपकार विसरले नाही. पण तुम्ही मला नोकरी लावून दिलीत ती कशाची? पेशंट बघायची. बघितल्यावर न बघितल्यासारखं लिहायची नव्हे.

रविवारी मी वाघदऱ्याला चालत गेले. एक्केचाळीस अंगठ्यांतला पहिला दगडाबाई नावाच्या म्हातारीचा होता. तिचं घर विचारत गेले. ती टँकरच्या रांगेत हंडा लावून बसली होती.

"तूच का ती पानी वतनारी?"

"व्हय, मीच."

"आन त्वांड घेऊन आलीस?"

"आले. तुमी मला शिव्या द्या, पन आदी ऐकून घ्या."

मी सगळं सांगितलं. बांगड्या, काजवे, झटके. रांगेतल्या बाया हळूहळू जवळ सरकल्या. दगडाबाईनं हंडा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आमाला तर सरपंच म्हनला, नर्सबाई टँकरात बसून नगरला बाजार करायला ग्येली. त्येच्यावर अंगठं घ्येतलं आमचं."

सगळ्या काही विरघळल्या नाहीत. एक तरणी बाई म्हणाली, "तुमची बाई जगली, चांगलं झालं. पन माजा सासरा त्या दिशी पान्यावाचून घेरी यून पडला. आमचं पानी त्ये पानी." मी म्हणाले, "खरं हाय तुजं."

उठताना दगडाबाईनं माझा हात धरला. "यवडंच चुकलीस. सांगावा धाडायचा हुता. आमी येक दीस दरीतल्या झिऱ्यावर ग्येलो आस्तो. सांजपातुर वाट बगत उनात बसलो न्हवं?"

मामा, हे मला सुचायला हवं होतं. भरावावर दोनशे माणसं होती, एकाला वाघदऱ्याला पाठवता आलं असतं. एवढी चूक माझी आहे आणि ती मी चौकशीत स्वतःहून सांगेन. बाकी काही कबूल करणार नाही.

पुष्पा

कोल्हार, १८ एप्रिल १९७३

चि. पुष्पावतीस,

पत्र मिळालं. तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. चौकशीची काळजी करू नकोस, मी माझ्या परीनं मार्गी लावलं आहे. तू तिथं गप्प बस, विचारलं तर मान हलव. उन्हाचं डोकं झाकून जात जा.

सहादेव

बोरखडी, २८ एप्रिल १९७३

मामा,

"ती." लिहायला आज हात होत नाही.

काल चौकशी झाली. साहेब चांगले वाटले. त्यांनी फाइल उघडून म्हटलं, "तुमचा माफीचा अर्ज आला आहे. तेव्हा फार वेळ घेत नाही."

मी म्हणाले, "मी अर्ज केला नाही."

त्यांनी कागद वळवून समोर धरला. "माझ्या अज्ञानामुळे रुग्णाच्या आजाराचा चुकीचा अंदाज आला. मी घाबरून गेले. ड्रायव्हरने स्वतःच्या मनाने पाणी सोडले." खाली माझी सही. तुमचा तो 'ज्ञ' मी कुठंही ओळखेन, त्याच अक्षरातल्या तुमच्या चिठ्ठ्या मी ट्रेनिंगमध्ये उशाशी ठेवायचे.

कारभारी दाराशी उभा होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्याला वाटलं, बाईनं मला विकलं. मामा, ते एक मिनिट मी तुम्हाला कधी माफ करीन की नाही, मला माहीत नाही.

मी उठून उभी राहिले. "साहेब, हे अक्षर माझं नाही, सही माझी नाही, आणि यातला एक शब्द खरा नाही. पाणी मी सोडायला लावलं. या माणसानं मी सांगितलं ते केलं."

"मग हे कुणी लिहिलं?"

"मला ठाऊक आहे. सांगणार नाही. माझं नाही, एवढं लिहून घ्या."

"बाई, खोटी सही हा गुन्हा आहे."

"म्हणूनच सांगत नाही."

मग त्यांनी चष्मा काढला. "मूल तर गेलंच ना? मग पाणी सोडून मिळवलं काय?"

"बाई मिळवली, साहेब. बाहेर बसली आहे."

भीमा खरंच बाहेर होती, सासूबरोबर. बोलावल्यावर आत आली, सगळ्यांना हात जोडले. दगडाबाई आणखी अकरा जणींना घेऊन आली होती. त्यांनी आपले अंगठे मागं घेतले. एकोणतीस जणी आल्या नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. निरोप न पाठवल्याची माझी चूक मी लिहून दिली.

निकाल यायचा आहे. तुम्ही माझ्यासाठी केलंत हे मला कळतं. पण तुम्ही मला वाचवायला दुसऱ्याला ढकललंत, आणि माझ्या तोंडून ढकललंत.

पुष्पावती

कोल्हार, ५ मे १९७३

चि. पुष्पास,

तुझं पत्र आक्काबाईनं मला पूर्ण वाचू दिलं नाही. तिनंच मोठ्यानं वाचलं (तिला अडखळत येतं, ते तुला माहीत आहे) आणि वाचून झाल्यावर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मी तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगतो.

एकोणसाठ साली आमच्या दवाखान्यात एक शेतकरी पाच वर्षांची मुलगी घेऊन आला. गळा बैलासारखा सुजलेला, श्वासाला घरघर. तोंड उघडून पाहिलं तर घशात राखी रंगाचा पापुद्रा. घटसर्प. मी तिथल्या तिथं ओळखलं. डॉक्टर नगरला मीटिंगला. सीरमच्या बाटल्या रॉकेलवरच्या फ्रिजात होत्या, आणि फ्रिजाची किल्ली माझ्या खिशात होती. पण डॉक्टरांच्या सहीशिवाय बाटली काढायची नाही, असा नियम. मी बापाला म्हणालो, बस, साहेब येतील. तो तिला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसला. दिवेलागणीला ती गेली. साहेब सकाळी आले. स्टॉक बुक तपासलं, बाटल्या बरोबर भरल्या. मला शाबासकी दिली.

माझ्या सेवापुस्तकात लाल शेरा का नाही, ते हे.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. तुझ्या नोकरीची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर, तू बरोबर ठरलीस तर मी काय ठरतो, याचीही होती. म्हणून तुझ्या नावानं चूक लिहून टाकली.

आज चौकशीच्या साहेबांना रजिस्टर टपालानं पत्र पाठवलं आहे. तो माफीचा अर्ज मी लिहिला, सही मी केली, पुष्पावतीला याची कल्पना नव्हती. खाली पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता. काय व्हायचं ते मला होऊ दे. ड्रायव्हर कारभारी यांनाही वेगळं कार्ड टाकलं आहे. त्यांना वाचता येत नसेल तर तू वाचून दाखव. त्यात माफी आहे, आणि या खेपेला ती माझी आहे.

तू "ती." लिहू नकोस. पण लिहीत जा.

सहादेव

बोरखडी, ३ जून १९७३

ती. मामा,

लिहिलं. लिहायला महिना लागला.

कारभारीला तुमचं कार्ड वाचून दाखवलं. त्यानं ते माझ्याकडून घेतलं, घडी केली, टोपीत ठेवलं. "म्हातारं मानूस हाय, लिवलं तरी," म्हणाला. पंधरा दिवसांपूर्वी त्याला गाडी परत मिळाली. न्याय म्हणून नव्हे, दुसरा ड्रायव्हर घाटात टिकला नाही म्हणून. तुमच्या पत्रावर कचेरीनं काय केलं, मला कळलं नाही. बहुधा फाइलला लावून गप्प बसले.

माझा निकाल गेल्या आठवड्यात आला. सक्त ताकीद. सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद. यापुढं परवानगीशिवाय मुख्यालय सोडायचं नाही. पोच म्हणून सही मागितली. मी लिहिलं, "ताकीद मिळाली. चूक मान्य नाही. असा पेशंट पुन्हा आला तर पुन्हा हेच करीन, वाघदऱ्याला निरोप मात्र आधी पाठवीन." शिपाई म्हणाला, एवढं लिहायला जागा नाही. मी कागदाच्या पाठीवर लिहिलं.

पण त्या ताकिदीनं मला विचारात पाडलं. मी एकटी. भरावावर एवढ्या बाया. मी उपकेंद्रात बांधलेली असताना एखादीला काजवे दिसले तर? म्हणून दुपारी सुकडी खायला बसतात तेव्हा मी जाऊन बसायला लागले. तेवढी परवानगी आहे. नडगीवर अंगठा कसा दाबायचा ते दाखवलं. पहिल्या दिवशी सगळ्या एकमेकींच्या पायांवर अंगठे दाबून हसत सुटल्या. मग हसता हसता विचारायला लागल्या. डोकं किती दुखलं की सांगायचं? फेफरं आणि हे, फरक काय? झटका आला तर कांदा का नको? राहीबाई कुणापाशी न बसता मागं उभी राहायची. एकदा म्हणाली, "आमाला हे आदी कुनी सांगितलं न्हाई." मी तिला जवळ बसायला जागा केली. तिचा नातू त्यात गेला होता.

काल भरावावरच्या छबूबाईचं पोट दुखायला लागलं, सातवा महिना. एकीनं धावत येऊन सांगितलं, "चेहरा सुजलाय, दिसंना म्हनती." मी ब्लडप्रेशरचं मशीन पिशवीत कोंबून तशीच पळत सुटले. मैलभर. मनात एकच, टँकर कुठं असेल, जीप असेल तर ते देतील का, नाही म्हणाले तर मी काय करीन.

पोचले तर भरावावर काम बंद. बाया रस्त्याच्या मधोमध, ओळीनं मांडी घालून बसलेल्या, आणि ओव्हरसियर साहेब छत्री घेऊन उन्हात उभे. छबूबाई कुठं दिसेना. मला वाटलं, गेली.

राहीबाई सगळ्यांच्या पुढं बसली होती. पदरानं तोंडावरची धूळ पुसत उठली.

"जीप न्हेली नगरला. साहेब द्येत नव्हतं, मंग आमी समदी खाली बसलो. म्हनलं, हुकूम यीस्तवर बसतो, आमच्या अंगावरनं घालीव गाडी." आणि मग, मला उशीर झाला म्हणून जरा रागावल्यासारखी, "बाई, तुमी कुटं व्हता? आमी डाव्या कुशीवर निजवून धाडली तिला. सून संगं ग्येलीय माजी, वाटंत तोंड पुसायला."

तुमची पुष्पा